स्टेशन झालं की

चिखलोलीला आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरच्या चकचकीत कागदावर लिहिलं होतं, ‘स्टेशनपासून पाच मिनिटांवर’. त्यातली पाच मिनिटं खरी होती, स्टेशन तेवढं व्हायचं होतं. ते अजून व्हायचंय. मोठी कामं चुटकीसरशी होत नाहीत हे मलाही कळतं, त्यामुळे स्टेशनवर माझा राग नाही. राग आहे तो आमच्या बिल्डिंगमधल्या माणसांवर. त्यांनी आपापली सगळी कामं त्या न झालेल्या फलाटावर नेऊन ठेवली आहेत.

सोसायटीचे सेक्रेटरी रामभाऊ मोतीबिंदूचं ऑपरेशन स्टेशन झालं की करणार आहेत. समोरची भाविका आहे, तिला पार्लर काढायचंय. त्यासाठी उल्हासनगरहून गोल फिरणारी खुर्ची आणून ठेवलीय, आणि स्टेशन झालं की गिऱ्हाईक येईल म्हणून त्या खुर्चीवर सध्या धुतलेले कपडे बसतात. वरच्या मजल्यावरच्या समीरला लग्नाचं विचारलं की तोही हेच सांगतो. मी एकदा त्याला म्हटलं, बायको काय पहिल्या गाडीने उतरणार आहे का रे? तो हसला आणि लिफ्टमध्ये शिरला.

ही सगळी कामं वाट बघू शकतात. मोतीबिंदू आपला पिकत राहील, खुर्ची पडून राहील. आमच्या घरात मात्र स्टेशन झाल्यावर करायचं म्हणून जे मागे ठेवलं होतं ते जितंजागतं माणूस होतं. माझ्या सासूबाई, द्रौपदीबाई.

त्या बुवापाड्यात राहायच्या, एकट्या, चाळीतल्या जुन्या खोलीत. सासरे गेल्यापासून तशाच. फ्लॅट घेतला तेव्हाच ठरलं होतं की दुसरी बेडरूम आईंची. अभिजीतने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, भिंतीला त्यांच्या आवडीचा फिका हिरवा रंगसुद्धा दिला. मग त्या खोलीत आमच्या जुन्या घरातली खोकी आली, ‘तात्पुरती’, आणि खोक्यांनी तिथे संसार थाटला. मी विचारलं की तो म्हणायचा, स्टेशन झालं की आणू, म्हणजे आईला तिच्या ओळखीपाळखीच्या लोकांकडे जायला-यायला सोपं पडेल. ऐकायला किती समजूतदार वाटतं बघा. या वाक्याला नावं ठेवता येत नाहीत, तीच तर त्याची खुबी.

या समजूतदारपणाची किंमत माझे पाय मोजत होते. मी आनंदनगरच्या एमआयडीसीत औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आहे. पहिली पाळी सुटली की एक दिवसाआड शेअर रिक्षाने बुवापाडा. तिथे आईंचं पाणी भरायचं, भाकऱ्या टाकायच्या, गुडघ्यांना तेल चोळायचं, की परत चिखलोली, आणि तिथे दुसरा ओटा, दुसरी कणीक. मुलगी किर्ती नर्सिंगला पुण्यात हॉस्टेलवर, तेव्हा हाताखाली कोणी नाही. लोकांना वाटतं सुनेला सासू नको असते. मला माझी सासू हवी होती, कारण एकाच गॅसवर दोघींचं झालं असतं. शिवाय बाई बरी होती, कमी बोलायची आणि माझ्या स्वयंपाकाला कधी नाक मुरडायची नाही. पण खरं सांगायचं तर आधी मी दमले होते.

बरं, नवरा आळशी म्हणावा तर तसाही नाही. तो आनंदनगरलाच दुसऱ्या कंपनीत मेन्टेनन्सला आहे. मशीन बिघडायच्या आधीच तिची देखभाल करायची, हे त्याचं काम. कुठल्या पंपाचं ऑइल कधी बदलायचं, कुठला पट्टा कधी उतरवायचा, हे त्याला झोपेत विचारा. त्याच्या डिपार्टमेंटमध्ये मशीन बंद पडली तर तो दोन घास कमी जेवतो. असा माणूस स्वतःच्या आईच्या बाबतीत मात्र नुसतं भिजत घोंगडं ठेवून बसला होता, आणि मला त्याचा उलगडा होत नव्हता.

त्यालाही होत नसावा, कारण त्याने यावर अभ्यास सुरू केला. चालढकल या विषयावर मोबाइलमध्ये जेवढे व्हिडिओ आहेत तेवढे त्याने पाहिले. खोली रिकामी करायची सोडून माणूस खोली रिकामी का होत नाही याचं शास्त्र शिकायला लागला. जेवताना मला सांगायचा, की आपल्या मेंदूला उद्याचे आपण म्हणजे कोणी परका माणूस वाटतो, म्हणून आपण बिनधास्त आपलं काम त्याच्या गळ्यात मारतो. मी म्हटलं, मला त्या परक्या माणसाचा पत्ता दे, काम करणारा तोच दिसतोय, लग्न त्याच्याशीच करायला हवं होतं. पुढे कुठेतरी त्याने पाहिलं की घड्याळ लावून पंचवीस मिनिटं काम करायचं आणि पाच मिनिटं आराम. त्याने त्यासाठी ऑनलाइन टायमर मागवला. त्याचं पार्सल त्याने खोलीत ठेवलं, खोक्यांवर, आणि तिथे आणखी एक खोकं वाढलं.

एका रविवारी मात्र तो खरंच कामाला लागला. मोठ्या कामाचा छोटा तुकडा पाडायचा म्हणे, म्हणून एकच खोकं उघडायचं ठरवलं. त्यात वरतीच सासऱ्यांचा जुना रेडिओ निघाला. तो त्याने पुसला, सेल टाकले, खरखर ऐकली, पाठीमागचे स्क्रू काढले. संध्याकाळी मी डोकावले तर रेडिओचे सगळे अवयव जमिनीवर मांडलेले आणि खोलीत पाय ठेवायला जी वाट होती तीही गेलेली. त्या छोट्या तुकड्याचे त्याने आणखी तुकडे पाडले होते.

त्याच सुमाराला आई मोरीत घसरल्या. मनगटाला प्लास्टर आलं. मला शेजारच्या कौसाबाईंचा फोन आला तेव्हा मी पॅकिंगच्या लाइनवर होते. सुपरवायझरला सांगून तशीच धावले. आई कॉटवर बसून दुसऱ्या हाताने लसूण सोलायचा प्रयत्न करत होत्या. त्या रात्री मी अभिजीतला स्पष्ट सांगितलं, की पुढच्या वेळी मनगटावर भागणार नाही, आता त्यांना आणायचं. तो मान खाली घालून म्हणाला, प्लास्टर निघू दे. मग प्लास्टर निघालं, आणि पुन्हा स्टेशन आलं.

आता यावर कडी ऐका. सोसायटीच्या वर्धापनदिनाला काहीतरी ज्ञानाचं हवं म्हणून रामभाऊंनी अभिजीतलाच गळ घातली, तुमचा अभ्यास आहे, तर चालढकलीवर दोन शब्द बोला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणतात ते हेच. अर्थात भाषणाची तयारी न झाल्यामुळे ते पुढे ढकललं गेलं, मग हॉलची चावी सापडेना म्हणून आणखी पुढे गेलं. अखेर झालं तेव्हा वर्धापनदिन कधीच मागे पडला होता आणि लोकही सवडीने, चहाच्या वेळेला आले.

पण बोलला चांगला. हसवलंन लोकांना. परक्या माणसाचं सांगितलं, टायमरचं सांगितलं, आणि पुढे एक गोष्ट सांगितली जी त्याने मला जेवताना कधी सांगितली नव्हती. म्हणाला, “आपल्याला वाटतं आपण काम टाळतो. पण शास्त्र म्हणतं, कामाबरोबर जी भावना येते ती आपण टाळतो. फॉर्म भरायचा कंटाळा नसतो, त्यात नापास होऊ याची भीती असते. म्हणून स्वतःला विचारायचं, हे काम करताना मला नक्की काय वाटणार आहे?”

मी मागच्या खुर्चीवर बसले होते. पहिली पाळी करून, बुवापाड्याची फेरी मारून आले होते. हाताला अजून आईंच्या तेलाचा वास होता. मला कुठून बुद्धी झाली माहीत नाही, पण मी उभी राहिले. सासूबाईंसमोर आणि चारचौघांत मी त्याला अहो म्हणते, घरी अरे. तेव्हा अहो म्हणायचंही सुचलं नाही.

“मग आईंना आणताना तुला काय वाटणार आहे, ते सांग ना.”

लोक हसले. त्यांना वाटलं नवरा-बायकोची चेष्टा आहे, ठरवून केलेली. अभिजीत हसला नाही. त्याच्या हातातल्या माइकमधून नुसता त्याचा श्वास ऐकू यायला लागला. मग रामभाऊंनी टाळ्या वाजवल्या, चहा आला, आणि सगळे उठले.

घरी आल्यावर तो गॅलरीत गेला आणि दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला लागला. न सांगता. मी स्वयंपाकघरातून बघत राहिले. मग शर्टाची घडी घालता घालता, माझ्याकडे न बघता तो बोलला.

त्याची आजी, वडिलांची आई, ओतूरकडे गावी राहायची. तो लहान असताना तिला खोकला लागला म्हणून चार दिवस बुवापाड्याला आणली. वडिलांबरोबर तो गेला होता आणायला. तिची पत्र्याची पेटी त्यानेच एस्टीत चढवली. आजीने निघताना घराला कुलूप लावलं आणि चावी शेजारणीच्या हातात दिली, म्हणाली, आता मी काय परत येत नाही. आणि खरंच आली नाही. मग थोरले चुलते भीमराव आजारी पडले. त्यांनाही आणायला हाच गेला, कारण तोवर हा मोठा झाला होता, रिक्षा ठरवू शकत होता. तेही पिशव्या-बोचकी घेऊन आले, गावची खोली रिकामी करून आले, आणि बुवापाड्यातूनच गेले.

“आमच्यात म्हातारं माणूस सामान घेऊन आलं की परत गेलेलं मी बघितलं नाहीये,” तो म्हणाला. “आणायला मीच जातो प्रत्येक वेळी. आई तिथे आहे तोवर ती म्हातारी नाहीये, अक्षदा. ती तिच्या घरात आहे.”

इतकी वर्षं मी त्या खोक्यांना शिव्या घालत होते, आणि हा त्या खोक्यांनी दार अडवून बसला होता, आईच्या मरणाने आत येऊ नये म्हणून. मला त्याचा रागही आला आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवावा असंही वाटलं. दोन्हीतलं काहीच केलं नाही. पोळ्या गरम होत्या, जेवून घे म्हटलं.

पण दमलेलं माणूस फार वेळ समजूतदार राहू शकत नाही. शनिवारी बुवापाड्याला गेले, पाण्याचा हंडा ठेवला, आणि भाकरी थापता थापता मी आईंना सगळं सांगून टाकलं. भाषण, माझा प्रश्न, आजीची पेटी, भीमरावकाका, सगळं. वाटलं, आता रडतील. आई कॉटवर पाय लांब करून बसल्या होत्या. त्यांनी दुखरं मनगट दुसऱ्या हाताने दाबत सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, पेटी त्याच्या ध्यानात आहे व्हय अजून? मग म्हणाल्या, ती भाकरी करपतीय बघ.

भाकऱ्या झाल्यावर त्यांनी मला फोन लावून द्यायला सांगितला. अभिजीत घरीच होता. फोन स्पीकरवर होता, कारण आईंना कानाला लावलेला ऐकू यायचा नाही.

“आरं अभ्या, ऐक. आमच्या गल्लीत नळाची लाइन बदलायचीय म्हणत्यात. पाणी न्हाई येणार. मला थोडं दिस तुझ्याकडं ऱ्हाऊ दे.”

आई फोनकडे आणखी वाकल्या.

“काय कायमचं न्हाई येत मी. खोली रिकामी करत न्हाई का भांडी उचलत न्हाई. चावी माझ्यापाशीच हाय. तुझं ते टेशन झालं की मला परत आणून सोड. तवर सोय कर.”

गल्लीत नळाची लाइन बदलणार असं कोणीही म्हणत नव्हतं. दारात उभ्या असलेल्या कौसाबाईंनी तोंड उघडलं, तर आईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी ते परत मिटलं. फोनमधून अभिजीत म्हणाला, “स्टेशन झालं की ना? मग ये आई. ये.” त्याचा आवाज मी लग्नापासून ऐकतेय, पण इतका हलका कधी ऐकला नव्हता. मी पदराने डोळे पुसले आणि चुलीचा धूर नसताना धूर झालाय असं म्हणाले.

घरी पोचले तर दारातच अडखळले. खोकी सगळी जिन्यात आली होती. टायमर नाही, छोटे तुकडे नाहीत, शास्त्र नाही. समीरला खाली बोलावून त्याने कॉट आत घेतली होती, पंखा पुसला होता, भाविकाकडून खुर्ची मागून आणली होती, कारण आईंना खाली बसता येत नाही. ती गोल फिरणारी खुर्ची हिरव्या भिंतीपाशी ठेवलेली बघून मला हसू आलं. एवढी वर्षं जे होत नव्हतं ते रात्रीच्या जेवणाआधी झालं होतं. रेडिओचे अवयव तेवढे एका डब्यात भरून ठेवले होते.

रविवारी तो आणायला गेला, मी बरोबर होते. आईंनी एक कापडी पिशवी घेतली, तीत दोन लुगडी, तेलाची बाटली, बस. सासऱ्यांचा फोटो नाही घेतला. फोटो भिंतीवरच ठेवला. त्याला फुलाचा हार घातला आणि म्हणाल्या, येते मी. अभिजीतने ते ऐकलं. मग त्यांनी दाराला कुलूप लावलं. कौसाबाईंनी सवयीने हात पुढे केला, तर आईंनी चावी स्वतःच्या कनवटीला खोचली आणि वरून पदर घेतला. रिक्षात चढताना पिशवी अभिजीतने धरली. एका हातात मावेल एवढीच होती.

याला आता बरेच महिने झाले. माझ्या फेऱ्या थांबल्या. मी पाळी सुटल्यावर सरळ घरी येते. आल्यावर आईंनी लसूण सोलून ठेवलेला असतो. दमते अजूनही, पण एकाच घरात दमते. आई पहिल्यापेक्षा हळू झाल्यात, जेवण कमी झालंय, दुपारी बोलता बोलता झोप लागते. ते मला दिसतं आणि अभिजीतलाही दिसतं. त्याबद्दल आम्ही बोलत नाही. चावी अजून कनवटीला असते. आंघोळीच्या वेळी ती माझ्याकडे देतात आणि लुगडं नेसल्यावर आधी मागून घेतात.

पूर्वी अभिजीत दर रविवारी रुळाकडे जाऊन स्टेशनच्या कामाचे फोटो काढायचा आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा, आज एवढं झालं, आज तेवढं झालं. हल्ली जात नाही. परवा रामभाऊ आले होते, म्हणाले, आता लवकरच होतंय बरं का, मी डॉक्टरची वेळ घेऊन टाकतो. बाकी कोणी असतं तर पेढे मागितले असते. अभिजीत म्हणाला, “होईल हो सावकाश. मोठी कामं अशी घाईने करून चालत नाहीत.” रामभाऊंना नवल वाटलं, पण डोळ्यांना नीट दिसत नसल्यामुळे त्यांनी त्याचा चेहरा वाचला नसावा.

संध्याकाळी आई त्या खुर्चीत बसतात. खुर्ची आम्ही गॅलरीत ठेवली आहे, भाविकाने ती परत मागितलेली नाही. तिथून रूळ दिसतात, माती दिसते, क्रेन दिसते, काय झालं आणि काय राहिलं ते सगळं दिसतं. आणि तरी रोज अभिजीत कामावरून आला, पायातले बूट काढायला लागला, की त्या त्याला विचारतात, “टेशन कुठवर आलं रं?”

तो बुटाच्या नाडीकडे बघत सांगतो, “लांब आहे आई अजून.”

“मग ऱ्हाते थोडे दिस,” त्या म्हणतात, आणि खुर्ची रुळांकडून घराकडे फिरवून घेतात.